अप्पाजींचं चंदन

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवे गेले, दाहिनी आली! रस्त्यावरच्या दिव्यांचं काम साकेतकडे दिलं आणि वरलक्ष्मी मॅडमनी नव्या विद्युतदाहिनीची फाइल माझ्या टेबलावर आणून आपटली. "तूच घे मृदुला. छप्पर तुझंच आहे ना?"

छप्पर माझं, हे खरं. आराखडा चालू होता तेव्हा मीच हट्ट धरला होता — इमारत फिरवा, छपराची लांब बाजू दक्षिणेला आणा, सौरपॅनेलांना दिवसभर ऊन मिळेल. लाकूड नाही, धूर नाही, वीजही बरीचशी उन्हाची. केवढी शाबासकी मिळाली होती! आता पोटात चार महिन्यांचं बाळ आणि पिशवीत स्मशानाचे नकाशे.

घरी सांगितलं तर अत्तेंचा सांबाराचा डाव हवेतच थांबला. लग्नाला चार वर्षं झाली, तरी सासूला 'अत्ते' म्हणताना माझ्या मिरजेच्या जिभेला अजून गंमत वाटते. म्हैसूरच्या या घराच्या मराठीत निम्मं कन्नडच. अप्पाजी, म्हणजे सासरे, ताटातून मान वर न करता म्हणाले, "दिव्यांचं काम बरं होतं की, मा." बस्स, तेवढंच.

नवऱ्यानं, गगननं, मात्र खोलीत येऊन वचन घेतलं — बाळ होईपर्यंत मी 'तिकडं' पाऊल टाकायचं नाही. या घरात स्मशान हा शब्दच नाही, 'तिकडं' आहे. दिलं वचन. फोटोंवर आणि नकाशांवर करीन काम. नाहीतरी माझी स्कूटर सगळ्यांनी मिळून बंद केलीच आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आमचा हवामान कक्ष म्हणजे पालिकेतली जिन्यामागची खोली. नाव ऐकून लोकांना वाटतं, आत ढग असतील! आहेत तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर मॅडमनी रंगीत खडूनं काढलेला तक्ता — शहर कशाकशातून किती धूर सोडतं त्याचे पट्टे. वीज, वाहनं, ओला कचरा, लाकूड. एकेक पट्टा बारीक करत न्यायचा, हेच आमचं काम.

लाकडाचा पट्टा सगळ्यांत अरुंद आणि सगळ्यांत चिवट. दिवे बदलले तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही. विजेवरच्या बसमध्ये लोक आपण होऊन चढतात, गार वाटतं म्हणून. कचरा वेगळा करायलाही शिकले, कुरकुरत का होईना. पण चिता? सरगूरच्या जंगलाकडून लाकडाची लॉरी येते. एका माणसाला निरोप द्यायला जवळजवळ एक अख्खं झाड लागतं.

दाहिनी चालू होऊन पावसाळा उलटला. तिथे फक्त बेवारस येतात. आमच्या भागातलं एकही घर आलेलं नाही! मार्चअखेरपर्यंत लोक येऊ लागले नाहीत तर पुढच्या दोन दाहिन्यांची मंजुरी परत जाणार. आणि माझं कंत्राटही मार्चअखेरचंच. मॅडम हे बोलल्या नाहीत, पण माझ्या पोटाकडे बघून त्यांनी पटकन नजर काढून घेतली.

१४ नोव्हेंबर

आठवडाभर फोन. मंडळांचे अध्यक्ष, देवळांचे विश्वस्त, आमच्याच समाजातल्या, म्हणजे इथल्या मराठी रावांच्या घरांतली वडीलधारी माणसं. सगळे गोड बोलतात. "मुलगी किती चांगलं काम करते! नोडोणा, नोडोणा." मी यादीत सगळ्यांच्या नावांसमोर बरोबरची खूण केली. गगनला दाखवलं तर तो हसत सुटला.

"नोडोणा म्हणजे बघू या. आणि बघू या म्हणजे नाही."

"मग नाही म्हणायला काय होतं?"

"म्हैसुरात? तोंडावर? तुझ्यासारख्या पोटुशीला?"

खरंच, या घरातच कोण कधी 'नको' म्हणतं? नवी नवरी होऊन आले तेव्हा मी आमचा पलंग फिरवून पंख्याखाली घेतला होता. संध्याकाळी येऊन बघते तर पलंग जिथल्या तिथे. पुन्हा फिरवला, पुन्हा परत! कितीतरी दिवस हा खेळ चालला आणि कुणी अवाक्षर बोललं नाही. अत्ते आपल्या हसून वाढायच्या. शेवटी मीच हरले. त्या पलंगाचं त्यांना काय खुपत होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

दाहिनीचा मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवते. एवढं मोठं टेबल घरात दुसरं नाही. टेबल लांब, नकाशा लांब, छान बसतो. पण सकाळी उठून बघावं तर कुणीतरी तो आडवा करून ठेवलेला! दोन्ही कडा टेबलाखाली लोंबताहेत. अत्ते टेबल पुसताना करत असतील. सरळ केला.

२४ नोव्हेंबर

पुन्हा आडवा. वर अप्पाजींच्या चष्म्याचं घर, वजन म्हणून. सरळ केला.

२ डिसेंबर, मंगळवार

डोकं ठणकत होतं. आई असती तर चंदन उगाळून लावलं असतं. आई असती तर बाळंतपणालाही मिरजेलाच गेले असते, म्हणा. अप्पाजींचं कपाट उघडलं की सगळं घर चंदनाचं होतं, हे मला पहिल्यापासून माहीत. खालच्या कप्प्यात, जुन्या शालीत गुंडाळलेलं, मनगटाएवढं जाड खोड. मी सहज म्हटलं, "अत्ते, डोकं दुखतंय, त्यातलं थोडंसं उगाळून घेऊ का?"

अत्तेंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नको गं. त्ये... त्ये अप्पाजींचं आहे. मी स्वल्प आलं ठेचून देते." अप्पाजी उठून अंगणात गेले. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. एवढं काय मागितलं मी? देवपूजेचं असेल, तर टिळ्यापुरतं देता येत नाही?

३ डिसेंबर

गगननं सांगितलं. सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

अप्पाजींच्या वडिलांनी ते सरकारी डेपोतून रीतसर घेतलं होतं. दोन तुकडे. एक त्यांच्या स्वतःच्या चितेवर गेला, दुसरा अप्पाजींसाठी राहिला. अप्पाजींचे आजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. तेव्हापासून घराण्यात रीत — जाताना लाकडावर जायचं आणि वर चंदन. "मला काही कळायला लागलं तेव्हापासून अप्पाजी सांगत आलेत," गगन म्हणाला. "मला लाकडावर न्या. चंदन कुठं आहे बघून ठेव."

आणि त्यांची सून दिवसभर सगळ्या शहराला सांगत फिरते — लाकूड नको! एकदाही मला टोकलं नाही त्यांनी. उलट रोज सकाळी माझ्या डब्यात मोसंबी सोलून ठेवतात, बिया काढून. रडू आलं. गरोदरपणात येतंच म्हणतात, पण हे ते नव्हतं.

१९ डिसेंबर

नकाशा आडवा. आता सरळ करायचाही कंटाळा येतो. केला.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. रणोजीमामा तिळगुळाचं ताट घेऊन आले. अप्पाजींचे शाळेपासूनचे मित्र, रोज संध्याकाळी दोघं सरस्वतीपुरमच्या बागेत एकाच बाकावर. घर तर दाहिनीच्या अगदी मागच्या गल्लीत. मला म्हणाले, "काय इंजिनियरबाई! गिऱ्हाईक नाही म्हणे तुझ्या मशीनला? घाबरू नको, पहिला नंबर माझा!"

"अय्यो! सणाच्या दिवशी, आणि हिच्यासमोर!" अत्तेंनी त्यांच्या हातातलं ताटच काढून घेतलं. मला मात्र फार बरं वाटलं. या सगळ्या महिन्यांत त्या गोष्टीबद्दल माझ्याशी हसून बोललेला पहिला माणूस.

१९ जानेवारी, सोमवार

रणोजीमामा गेले. पहाटे झोपेतच.

२० जानेवारी

मला घरीच ठेवलं होतं. खिडकीत उभी राहिले म्हणून अत्तेंनी आत ओढलं. अप्पाजी दुपारी परत आले, मागच्या दारानं, न्हाणीघरात गेले. गगनच्या तोंडून मी ओढून काढलं — मामांना लाकडावर नेलं. जुन्या घाटावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला! दाहिनीच्या फाटकापाशी लोक थांबले होते म्हणे. मामांचा मुलगा म्हणाला, बाबा इथंच म्हणायचे. सगळ्यांनी अप्पाजींकडे बघितलं. आणि अप्पाजी म्हणाले, "पुढं चला."

अप्पाजींनी!

माझा तोल गेला. जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून मी ओरडले. हो, सासऱ्यांवर ओरडले, लिहायला लाज वाटते पण ओरडले. "मामांनी स्वतः सांगितलं होतं! तुम्हाला माझं काम पटत नसेल तर तोंडावर सांगा ना अप्पाजी! नोडोणा नको!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते. मित्राला पोचवून आलेला माणूस तो, आणि मी काय बोलत होते! ओठ हलले त्यांचे. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "सुम्ने बस, मा. उभं राहून पाय दुखतील." आणि आत गेले.

२१ जानेवारी, बुधवार

आज कळलं. देवा, केवढी मी आंधळी!

सकाळी टेबलावर नकाशा आडवा. आणि नकाशावर, दाहिनीच्या चौकोनात, लांबीला धरून बरोबर मधोमध ठेवलेलं ते चंदनाचं खोड. ज्याला कुणी हात लावायचा नाही, ते.

मी बसले. आधी खोडाकडे बघत राहिले. मग टेबलाकडे. टेबलाचं डोकं देवघराकडे, म्हणजे पूर्वेला. मी नकाशा सरळ ठेवते तेव्हा दाहिनी पूर्व-पश्चिम होते. कागदाच्या कोपऱ्यातला उत्तरेचा बाणही तेच सांगतो, तो रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. आणि अप्पाजी रोज कागद आडवा करून ती दक्षिणोत्तर करत होते. माणसाला शेवटचं निजवतात तशी. पाय दक्षिणेला.

म्हणून तर जिवंत माणसानं दक्षिणेकडे पाय करून झोपू नये! माझी आजीही यावरून ओरडायची. पंख्याखालच्या पलंगाचं अत्तेंना हेच खुपत होतं. सगळं मला माहीत होतं, फक्त ते यंत्राशी जोडायचं सुचलं नाही. मी पॅनेलांची दिशा बघितली. आत माणूस निजणार, त्याची दिशा बघितलीच नाही. छपराला ऊन मिळावं म्हणून इमारत मीच फिरवली! बेवारसांच्या बाजूनं दिशा विचारणारं कुणी नव्हतं. बाकी सगळ्यांनी फाटकातून बघितलं आणि गोड बोलून पुढं गेले.

अप्पाजी अंगणात तुळशीपाशी बसले होते. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"अप्पाजी, आडवी झालीय ना ती? पूर्व-पश्चिम?"

त्यांनी केवढा श्वास सोडला! "कळलं व्हय, मा?"

"सांगितलं का नाहीत?"

"पोटात लेकरू. तुझ्यासमोर तिकडचं कसं काढू? तुझी अत्ते मला घरात घेतली असती?" मग म्हणाले, "रणोजी हसायचा, मला म्हणायचा सांग, सांग. पण त्याला मी तिरका कसा ठेवू? मला जमलं नाही."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. कालबद्दल माफी मागायची होती, ती नीट मागताही आली नाही. ते आपले माझ्या पाठीवर थोपटत राहिले.

२२ जानेवारी

मॅडमना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अय्यो रामा! उद्घाटनाच्या दिवशीच माझी आई म्हणाली होती, काहीतरी तिरकं वाटतं गं. मी म्हटलं, अम्मा, तू पॅनेल बघ!"

दाहिनी फिरवता येणार नाही. पाया, चिमणी, सगळं नव्यानं करावं लागेल. मार्चपर्यंत तर मुळीच नाही. मग?

२५ जानेवारी, रविवार

व्यासराज आचार घरी आले. आमच्याकडचे सगळे विधी तेच करतात. अत्तेंनी मला आत बसायला सांगितलं. मी आत बसले, पण दार उघडं ठेवून! अप्पाजी म्हणाले, "आचार, समोर कट्टा बांधला तर? दगडाचा, दक्षिणोत्तर. त्याच्यावर निजवायचं, सगळं करायचं, मुलानं आपल्या हातानं कापराचा अग्नी द्यायचा. मग आत."

आचारांनी कॉफीचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "मुलाच्या हातचा अग्नी मिळाला की पुढचं अग्नीचं काम. अग्नीला कसली दिशा? मी उभा राहीन, मानाजीराव."

आतल्या खोलीत अत्तेंनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांनाही ऐकायचं होतंच की!

५ फेब्रुवारी, गुरुवार

सीमंत. सातवा लागला. हिरव्या बांगड्या, हिरवी साडी, बायकांची गर्दी, पाच तऱ्हेचे भात. आणि नेमके अप्पाजी गायब. भरदुपारी घामाघूम होऊन आले. गगननं कानात सांगितलं — आज तिकडं कट्ट्याची आखणी होती. गवंड्याच्या मोबाइलवरच्या होकायंत्रावर अप्पाजींचा विश्वास नाही. त्यांनी काठी जमिनीत रोवून, मध्यान्हीची सावली बघून रेघ मारून दिली. मग न्हाऊन, धोतर बदलून मला आशीर्वाद द्यायला आले.

"दिव्यांच्या ऑफिसात असते आमची सून," ते पाहुण्यांना सांगत होते. अजूनही!

२० फेब्रुवारी

कट्टा झाला. फोटोत बघितला. साधा, राखाडी दगड. शेजारी अप्पाजींनी तुळस लावून घेतलीय.

७ मार्च, शनिवार

आले! एक घर आलं! निवृत्त शिक्षिका होत्या, मुलीनं अग्नी दिला. मॅडमचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. आनंद कसा मानायचा अशा बातमीचा? एक बाई गेली होती. गॅस बंद करून मी त्यांच्यासाठी देवापुढे दिवा लावला. मग स्वयंपाकघरात येऊन पोटावर हात ठेवून हळूच म्हटलं, बाळा, एक झाड वाचलं.

२१ मार्च

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुसरं घर. आज आणखी एक. लोक एकमेकांना सांगताहेत. काहीजण अजून जुन्या घाटावरच जातात, जाऊ देत. अप्पाजी सकाळचं फिरणं आता 'तिकडं' नेतात, तुळशीला पाणी घालायला. लोक बुजतात, तेव्हा ते कट्ट्यापाशी उभं राहून दाखवतात म्हणे — इकडं डोकं, इकडं पाय. पण त्यांच्या स्वतःच्या बाबतीत ते काही बोलत नाहीत, मीही विचारत नाही. खोड पुन्हा शालीत, कपाटात. त्यांना लाकूडच हवं असेल तर लाकूडच. मी स्वतः सरगूरला जाऊन आणीन.

३१ मार्च, मंगळवार

मंजुरी राहिली. कंत्राटही वाढलं. मॅडमनी तक्त्यावरच्या लाकडाच्या पट्ट्याची कड ओल्या बोटानं पुसून इतकीशी आत घेतली आणि मला म्हणाल्या, "आता घरी जा आणि झोप!"

१२ एप्रिल, रविवार

मुलगी. आज पहाटे. नाक अप्पाजींचं! उद्या लिहीन.

२६ एप्रिल

बाळाची आंघोळ झाली. अप्पाजी सकाळपासून ओसरीवर सहाण घेऊन बसले होते. घरभर तो वास. मी बाहेर येऊन बघते तर हातात तेच खोड, एका टोकाला ओलं. मी घाबरून म्हटलं, "अप्पाजी, हे तर तुमचं..."

"मला कुठं लागतंय आता, मा? लाकूड तर तूच बंद केलीस." त्यांनी बोटावर चंदन घेतलं आणि आधी बाळाच्या कपाळाला लावलं, मग माझ्या. "घे. डोकं दुखतं म्हणाली होतीस."